तरुणांचा ग्रंथसंग्रह

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या मेळाव्यात, कोल्हापूर येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या या आनंदाच्या दिवसांत आपण मंदिराच्या भिंती रंगविल्या, वेदीवरील वस्त्रे नवी केली, वाडवडिलांच्या कबरींवर फुले वाहिली. हे सर्व यथायोग्य झाले. परंतु देवाच्या मंदिराची डागडुजी झाल्यावर मनाच्या मंदिराकडेही एकवार पाहावे, या हेतूने आजच्या मेळाव्यासाठी आम्ही एक साधा, घरगुती विषय निवडला आहे. तरुणाने अथवा तरुणीने स्वतःच्या पैशांतून, स्वतःच्या आवडीने, थोर ग्रंथांचा एक लहानसा संग्रह आपल्या घरी का उभारावा व कसा उभारावा, हा तो विषय होय. विषय साधा असला तरी त्यात आपले पुष्कळ काही पणास लागले आहे. ते काय, हे ओघाने येईलच.

घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही आपल्या दारी येतो, तेव्हा प्रत्येक घराची बाहेरची खोली आमच्या दृष्टीस पडते. पवित्र हृदयाची तसबीर असते, तिच्यापुढे दिवा असतो. काचेच्या कपाटात चिनी मातीची भांडी, मुलांनी खेळांत जिंकलेले चषक, बाहेरगावाहून आणलेल्या शोभेच्या वस्तू नीट मांडलेल्या असतात. पुस्तके मात्र क्वचितच दिसतात. जी दिसतात ती शाळेची असतात, आणि परीक्षा संपताच ती रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. जेथे आईवडील शिकलेले आणि मुले पदवीधर, तेथेही बहुधा हीच अवस्था. कोणास दोष द्यावा म्हणून आम्ही हे सांगत नाही. ज्यांच्या आजोबांनी दुसऱ्याच्या शेतावर राबून मुलांना शाळेत घातले, त्यांच्या घरी ग्रंथांचे कपाट वारशाने कोठून येणार? परंतु वारशाने जे आले नाही ते मिळवावे लागते, आणि मिळविण्याचे वय म्हणजे तुमचे वय.

दिनांक ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केला, आणि तेव्हापासून 'अभिजात' हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला आहे. अभिजात म्हणजे मुळात उत्तम कुळात जन्मलेला. परंतु ग्रंथाचे कुळ कोण पाहतो? जो ग्रंथ लिहिणाऱ्याच्या मागे उरला, ज्याच्याकडे नातवंडे आणि पतवंडेही आपापली दुःखे घेऊन गेली आणि रिकाम्या हातांनी परतली नाहीत, तो ग्रंथ अभिजात. दर्जा सरकार देऊ शकेल. वाचक मात्र प्रत्येक घराने आपापले द्यावयाचे असतात.

आता ग्रंथालये असताना घरी संग्रह कशास, असे कोणी विचारील. हा प्रश्न कोल्हापुरात तरी विचारण्याजोगा आहे खरा. या नगरीत इ. स. १८५० मध्येच ग्रंथालय स्थापन झाले. तेच आजचे करवीर नगर वाचन मंदिर. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि नाना जातिधर्मांच्या मुलांसाठी येथे वसतिगृहे उभी करविली. सार्वजनिक ग्रंथालयांचा हिंदुस्थानातील पहिला कायदा १९४५ साली झाला, तो मुंबईत नव्हे, मद्रासेतही नव्हे, तर याच कोल्हापूर संस्थानात. अशा नगरीत राहून ग्रंथालयाची पायरी न चढणे म्हणजे पंचगंगेच्या काठी तहानलेले राहणे होय. तेव्हा आमचा पहिला सल्ला ग्रंथालयाचे सभासद व्हा, हाच आहे. तरीही घरी चार ग्रंथ स्वतःचे असावेत, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. त्याचे कारण आपल्याच इतिहासातून देतो.

फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघाचे इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली मरण पावेपर्यंत तेथेच राहिले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांनी जुनी पुराणे सोडली होती. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांनी गाऱ्हाणे मांडले, की ती पुराणे सोडली खरी, पण त्यांच्या जागी आम्ही वाचावे काय? हा प्रश्न वाचकाचा होता हे लक्षात ठेवा. त्याचे उत्तर म्हणून स्टीफन्स यांनी सुमारे ११,००० ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. परक्या मातीत जन्मलेल्या त्या माणसाने मराठीची जी थोरवी गाइली, ती वाचून आजही मराठी माणसाची मान ताठ होते. १६१६ साली हा ग्रंथ राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापला गेला. मित्रहो, या तीन आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही.

मग हे पुराण आपल्यापर्यंत पोहोचले कसे? पुढे १६८४ साली पोर्तुगीज शासनाने गोव्यातील लोकभाषेचा वापर बंद पाडण्याचा हुकूम काढला. आपत्तींना व जाचाला कंटाळून पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेस कानडा प्रांतात उतरली. त्यांच्या बरोबर ख्रिस्तपुराण गेले. छापील प्रती झिजल्या, फाटल्या, तेव्हा लोकांनी हाताने नकला केल्या, आणि उपवासकाळात व सणासुदीला ते घराघरांतून गाइले जाऊ लागले. अशाच जपलेल्या हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले. पुढे लंडनच्या एका संग्रहातील नागरी लिपीतील हस्तलिखित उजेडात आले, आणि १९५६ साली प्राध्यापक शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून देवनागरी आवृत्ती काढली. २००९ साली सालेशियन संघाचे फादर नेल्सन फाल्काव यांनी आपली आवृत्ती सिद्ध केली.

यातून बोध काय घ्यावा? छापखाना बंद पडला, सत्ता प्रतिकूल झाली, संस्था मोडल्या. आणि ग्रंथ वाचला तो कोणा शेतकऱ्याच्या घरातील पेटीत. त्या पेटीचा धनी पंडित नव्हता. त्याने एवढेच केले, की आपल्या मुलासाठी ग्रंथ जपून ठेवला. तुमच्या घरातील फळीस आम्ही एवढे महत्त्व देतो ते याचसाठी. ग्रंथालयातील ग्रंथ सर्वांचा असतो, म्हणून त्याची काळजी दुसऱ्या कोणी घ्यावी असे प्रत्येकास वाटते. घरचा ग्रंथ आपला असतो. शिवाय तो लहान भावंडांच्या डोळ्यांसमोर असतो. कोणी सांगितले नाही तरी एखाद्या पावसाळी दुपारी ते हात लांब करून तो काढतात. मोबाइलवर हजार ग्रंथ मावतात हे आम्ही जाणतो, आणि दुर्मिळ ग्रंथ तेथे वाचावयास मिळतो तेव्हा देवाचे आभारही मानतो. परंतु बापाच्या मोबाइलमध्ये काय आहे हे मुलास दिसत नाही. बापाच्या फळीवर काय आहे ते दिसते.

संग्रह उभारण्यास पैसा लागतो, तो आम्ही कोठून आणावा, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. याचे उत्तर एका तरुणाच्या चरित्रात आहे. भीमराव रामजी आंबेडकर हे मुंबईत शाळेत शिकत असता वडिलांपाशी सतत पुस्तके मागत. वडील निवृत्त सुभेदार. हाती पैसा बेताचा. पुस्तकासाठी पैसे नसले म्हणजे ते आपल्या विवाहित मुलींकडे जात, प्रसंगी मुलीचा दागिना गहाण ठेवीत, आणि निवृत्तिवेतन मिळताच तो सोडवून आणीत, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहून ठेवले आहे. १९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा बागेत नेमाने वाचीत बसणाऱ्या या मुलास ओळखणारे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यास भेट दिले. एका शिक्षकाने दिलेल्या एका पुस्तकाचे बी किती खोल रुजले, हे १९५६ साली साऱ्या जगाने पाहिले.

पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर हा तरुण १९१३ साली न्यूयॉर्कला गेला. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवावयाचे, पोटाला चिमटा घ्यावयाचा, आणि उरलेल्या पैशांत जुन्या बाजारातील पुस्तके घ्यावयाची, असा त्याचा क्रम होता. तेथे त्याने सुमारे २,००० जुनी पुस्तके जमविली, असे कीर सांगतात. त्यांतील पुष्कळशी मायदेशी पोहोचलीच नाहीत. १९१७ साली लंडनहून परतताना बोटीने वेगळे पाठविलेले सामानही, महायुद्ध चालू असल्याने, शत्रूच्या पाणबुडीने बोट बुडविल्यामुळे समुद्राच्या तळाशी गेले. एखादा असता तर खचला असता. यांनी पुन्हा आरंभ केला. आपल्या राजर्षींनी 'मूकनायक' पत्रासाठी २,५०० रुपये दिले, आणि मार्च १९२० मध्ये येथून जवळच माणगावच्या परिषदेत त्यांचा गौरव केला, ते हेच डॉक्टर आंबेडकर. पुढे दादरला त्यांनी 'राजगृह' बांधले ते मुख्यतः ग्रंथांना राहावयास जागा व्हावी म्हणून. बहिणीच्या दागिन्यापासून सुरू झालेला तो संग्रह होता. तेव्हा गरिबी ही अडचण आहे, सबब नव्हे.

आता दुसरी शंका. ती अधिक नाजूक आहे, आणि धर्मगुरू या नात्याने तिचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. ख्रिस्ती माणसाने बायबल वाचावे, संतचरित्रे वाचावीत. परधर्मीयांची काव्ये आणि कादंबरीकारांच्या कल्पित कथा त्याने वाचाव्यात काय? काही भाविक आईबापांनी हा प्रश्न आम्हांस कळकळीने विचारला आहे.

ही शंका फार जुनी आहे, आणि ती संत जेरोम यांच्या जिवास लागली होती. चौथ्या शतकात विद्यार्थी म्हणून रोम येथे असताना त्यांनी मोठ्या कष्टाने अभिजात लॅटिन ग्रंथांचा संग्रह केला. छापखाने नव्हते; ग्रंथ मिळवावयाचा म्हणजे नकलून घ्यावयाचा. ट्रीर नगरीत असताना त्यांनी मित्रासाठी संत हिलरी यांचे ग्रंथ स्वतःच्या हाताने उतरून काढले. पुढे घर, आप्त आणि चांगले अन्न सोडून ते पूर्वेकडे तपश्चर्येस निघाले. सर्व सुटले, ग्रंथ सुटेनात! अंत्योक येथे उपवासकाळात ते तापाने फणफणले असता त्यांना स्वप्न पडले: ते न्यायासनापुढे उभे आहेत, 'मी ख्रिस्ती' असे सांगत आहेत, आणि न्यायाधीश म्हणतो आहे की तू ख्रिस्ताचा नव्हेस, सिसेरोचा आहेस. जागे झाल्यावर त्यांनी तसे ग्रंथ न वाचण्याचा निश्चय केला.

जे येथेच थांबतात ते म्हणतात, पाहा, संतांनीही असे वाचन टाकले. परंतु पुढची गोष्ट ऐका. पोप दमासुस यांच्या सांगण्यावरून जेरोम यांनी ३८२ च्या सुमारास बायबलच्या लॅटिन भाषांतराच्या कार्यास हात घातला आणि बेथलेहेम येथे राहून ते सुमारे ४०५ पर्यंत चालविले. ते भाषांतर हजार वर्षांहून अधिक काळ पश्चिमेकडील ख्रिस्तसभेची वाणी झाले. ती वाणी जेरोम यांनी कोठे कमावली? ज्या ग्रंथांपायी स्वप्नात फटके बसले, त्याच ग्रंथांच्या वाचनात. उतारवयातील त्यांच्या लेखनातही जुन्या कवींचे शब्द डोकावतात, म्हणून विरोधकांनी त्यांना टोमणेही मारले. स्वप्नाचा अर्थ आम्ही असा घेतो: ग्रंथ सेवक असावा, धनी होऊ नये.

त्याच शतकातील संत बेसिल यांनी तर तरुणांसाठी एक प्रवचनच लिहून ठेवले आहे. ग्रीकांच्या जुन्या वाङ्मयाचा लाभ कसा घ्यावा, हाच त्याचा विषय. त्यांनी मधमाशीचा दाखला दिला. ती प्रत्येक फुलावर बसत नाही, आणि ज्यावर बसते तेही सगळे उचलून नेत नाही; कामापुरते घेते व बाकीचे तेथेच सोडते. एके काळी ख्रिस्तसभा निषिद्ध ग्रंथांची यादी ठेवीत असे. १९६६ साली ती यादी बंधनकारक राहिली नाही. आता निवड करण्याचा भार तुमच्या सदसद्विवेकावर आहे. तो विवेक घडविण्यासही वाचन लागते. ज्याने चांगले कधी चाखलेच नाही, त्याला हिणकस ओळखावे कसे?

आणि थोड्या ग्रंथांनीही किती मोठे कार्य होते, याचा दाखला येशूसंघाच्या संस्थापकांचा आहे. १५२१ साली पांप्लोना येथे तोफेच्या गोळ्याने पाय मोडून इग्नासियस लोयोला घरी अंथरुणावर पडले. करमणुकीसाठी त्यांनी वीरकथा मागविल्या. घरात त्या नव्हत्या. होती ती दोनच पुस्तके: एक ख्रिस्तचरित्र आणि एक संतचरित्रांचे. नाइलाजाने तीच वाचली, आणि शिपायाचा संत झाला. त्या घरी एकही पुस्तक नसते तर? तुमच्या घरीही कोणी तरी केव्हा तरी पाय मोडून पडेल, नोकरी गमावून बसेल, रात्र रात्र झोपेविना काढील. त्या वेळी त्याच्या हाताशी काय असेल, हे आज तुम्ही ठरवावयाचे आहे.

आता कोणते ग्रंथ घ्यावेत? यादी देणे सोपे असते व पाळणे कठीण. म्हणून आम्ही केवळ पहिल्या फळीपुरते बोलतो.

प्रथम बायबल, आणि तेही ज्याची मराठी वाचताना अडखळावे लागत नाही असे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' या दृष्टीने घरोघरी असावे. याच फादरांना २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. वाचणाऱ्या धर्मगुरूस मराठी समाज किती मान देतो, हे आपण पाहिले. २०२४ साली ते प्रभूच्या घरी गेले. बायबलच्या शेजारी ख्रिस्तपुराण. आणि त्याच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर पतीने त्यांना अक्षरे शिकविली. पती रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा त्या बाईवर आकाश कोसळले. पाच वर्षांनी, १९०० साली, त्यांनी स्वतःच्या समजुतीने बाप्तिस्मा घेतला. हे सर्व त्यांनी १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशा हसतमुखाने सांगितले आहे, की वाचता वाचता डोळे पुसावेत आणि पुन्हा हसावे. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या. परंतु मराठी ख्रिस्ती घरात त्या नसाव्यात हे कसे शोभेल?

त्यानंतर ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा. दचकू नका. आपली ख्रिस्ताकडची वाट तुकोबांच्या अभंगांवरून गेली, अशी टिळकांचीच भावना होती. मराठीत प्रार्थना करणाऱ्याने ज्यांनी मराठीस प्रार्थना शिकविली त्यांना ओळखले पाहिजे. मग हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी. तीत स्त्रियांचे हाल वाचून जो आपल्या आईबहिणीकडे नव्या दृष्टीने पाहत नाही, त्याचे वाचन फुकट गेले. महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' आणि साने गुरुजींची 'श्यामची आई' ही दोन पुस्तके एकमेकांशेजारी ठेवा. एक राग शिकविते, दुसरे माया, आणि माणसास दोन्ही लागतात.

आपल्या जिल्ह्यास विसरू नका. वि. स. खांडेकर १९३८ पासून अखेरपर्यंत याच नगरीत राहिले. त्यांच्या 'ययाति' या कादंबरीस मराठीतील पहिला ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. 'मृत्युंजय' लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचे. आणि कागलच्या आनंद यादवांची 'झोंबी' ज्याने वाचली नसेल, त्याने या महिन्यातच वाचावी. शाळेत जाता यावे म्हणून एका शेतकरी मुलाला घरादाराशी किती झोंबावे लागले, हे त्यात आहे. ज्यांना शाळा आयती मिळाली त्यांनी ते वाचलेच पाहिजे.

जगाच्या वाङ्मयातून आरंभी तीनच नावे सांगतो: संत ऑगस्टीन यांची आत्मनिवेदने, थॉमस केम्पिस यांचे 'ख्रिस्तानुकरण', आणि टॉलस्टॉय यांच्या लहान बोधकथा. बाकीचे तुमचे तुम्हांस सापडेल. एक थोर ग्रंथ दुसऱ्याचा पत्ता सांगतो.

शेवटी संग्रह कसा करावा, याविषयी व्यवहाराच्या चार गोष्टी.

पहिली: एका वेळी एकच ग्रंथ घ्यावा आणि तो वाचून झाल्यावाचून दुसरा घेऊ नये. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत सांगून ठेवले आहे, की उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येक मठवासीयास एकेक ग्रंथ द्यावा आणि त्याने तो पहिल्या पानापासून अखेरपर्यंत क्रमाने वाचावा. वाचनाच्या वेळी कोणी गप्पा मारीत बसला आहे काय, हे पाहण्यासाठी एकदोन वडीलधारे फिरतही असत! येत्या उपवासकाळात आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक तरुणाने असा एक ग्रंथ घ्यावा, अशी आमची सूचना आहे. आम्ही फिरून पाहणार नाही. विचारू मात्र नक्की.

दुसरी: आवृत्ती पारखून घ्यावी. ज्ञानेश्वरी १२९० साली लिहिली गेली. तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यात इतके अपपाठ शिरले, की १५८४ साली एकनाथ महाराजांना बसून ती शुद्ध करावी लागली. स्वस्त मिळते म्हणून चुकांनी भरलेली, वा मुळास कात्री लावलेली प्रत घेऊ नये. जुन्या पुस्तकांच्या दुकानात चांगली प्रत मिळाली तर ती नव्याहून बरी. पहिल्या पानावर आपले नाव, दिनांक, आणि पैसे कोठून आले हेही लिहावे. आमच्या परिचयाची एक मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. रात्रपाळीचे पैसे येतात त्या महिन्यास ती एक पुस्तक घेते आणि आत 'रात्रपाळी' असे लिहिते. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजवर अकरा पुस्तके जमली आहेत. तिच्या मुलांना पुढे त्या एका शब्दावरून आई कळेल.

तिसरी: ग्रंथ जपावेत. आपल्याकडे पाऊस धो धो, भिंतींना ओल, त्यात वाळवी आणि कसर. फळी भिंतीपासून चार बोटे दूर असावी. पावसाळा सरला की ग्रंथ काढून, पाने चाळून, सावलीत वारा द्यावा. कडुनिंबाचा वाळलेला पाला मध्ये घालावा. २०१९ आणि २०२१ सालचे महापूर आपण कोणीच विसरणार नाही. पाणी ओसरल्यावर अंथरुणे व धान्य यांबरोबर भिजलेली पुस्तकेही ढिगाऱ्यावर गेली. भिजलेले पुस्तक लगेच टाकू नये. पानांमध्ये कोरा शोषक कागद घालून, तो वरचेवर बदलून, पंख्याखाली सावकाश वाळविल्यास पुष्कळदा ते वाचते. नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी तर ग्रंथांची फळी माणसाच्या डोक्याच्या वर ठेवावी; आणि पुराची वर्दी येताच कागदपत्रांच्या पिशवीत एक तरी ग्रंथ घालावा.

चौथी: ग्रंथ वाचावयास द्यावेत. न दिलेला ग्रंथ म्हणजे जमिनीत पुरलेला तालंत. त्या दृष्टांतातील सेवकाचे काय झाले हे तुम्हांस ठाऊक आहे. एका वहीत घेणाऱ्याचे नाव व तारीख लिहावी, आणि परत मागण्यास लाजू नये. चार मित्रांनी चार निरनिराळे ग्रंथ घेतले तर प्रत्येकास चार वाचावयास मिळतात. एवढे गणित तर आपल्या पहिलीतल्या मुलांनाही येते.

मित्रहो, १९०३ साली जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' मासिक सुरू केले, तेव्हा आपल्या लोकांत अक्षरओळख असलेली माणसे थोडी होती. एकाने वाचावे आणि दहांनी भोवती बसून ऐकावे, अशी तेव्हाची रीत होती. त्या ऐकणाऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना शाळेत पाठविले. आज आपणा सर्वांना वाचता येते. वाचता येत असून जो वाचीत नाही, त्याने त्या ऐकणाऱ्यांचे ऋण फेडावयाचे ठेवले आहे, असे आम्ही समजतो.

या सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून दगडाची पाटी बसेल, ही स्मरणिका निघेल. पुढील पन्नास वर्षांनी शताब्दी येईल, तेव्हा आमच्यासारखे वडीलधारे नसतील. तुमच्यापैकी पुष्कळ जण आजोबा-आजी होऊन पुढच्या बाकावर बसले असतील. त्या वेळी जो धर्मगुरू घरांना आशीर्वाद देत फिरेल, त्याला प्रत्येक घरी तसबिरीखाली ग्रंथांची एक झिजलेली फळी दिसावी, आणि एखाद्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर या वर्षाची तारीख वाचावयास मिळावी, एवढीच आमची इच्छा आहे.

जो शब्द आरंभी होता आणि जो देह धारण करून आपणांमध्ये राहिला, तो तुमच्या घरांना, तुमच्या बुद्धीला आणि तुमच्या हातांतील प्रत्येक चांगल्या ग्रंथाला आशीर्वाद देवो. आमेन.